पाठीमागचा इतिहास

मराठी भाषेला माणसाची पाठ फार प्रिय आहे. शाबासकी द्यायची तर आपण पाठ थोपटतो. आधार द्यायचा तर पाठीशी उभे राहतो. रणातून पळाला त्याने पाठ दाखवली असे म्हणतो आणि धाकट्या भावाला पाठचा भाऊ म्हणतो. गरिबाची सगळी कैफियत तर एकाच म्हणीत आली आहे : पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका. गंमत बघा मंडळी, एवढा जिचा बोलबाला, ती पाठ आपली आपल्याला कधीच दिसत नाही. ती दिसते फक्त दुसऱ्याला.

पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. शरीरशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण सत्तरी ओलांडल्यावर शरीर स्वतःच शिकवणी लावते! माझा उजवा खांदा आखडला, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर एक मोठा पंख्यासारखा स्नायू दाखवला आणि म्हणाल्या, "सर, दुखतंय खांद्यात, पण हा इथला पाठीचा गडी पण सैल करायला हवा." तेव्हापासून या गड्याने मला पछाडले आहे. त्याची माहिती काढता काढता मी पुन्हा माझ्याच विषयात, म्हणजे इतिहासात, येऊन पोचलो. ते आज लिहितो आहे.

आधी या गड्याची ओळख. डॉक्टर मंडळी त्याला लॅटिसिमस डॉर्साय म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ एवढाच की 'पाठीचा सर्वांत रुंद'. पाठीच्या कण्याचा खालचा निम्मा भाग, कमरेवरचा जाड पडदा, कमरेच्या हाडाची कड आणि शेवटच्या तीन-चार फासळ्या एवढ्या ऐसपैस जागेवर तो उगवतो. तिथून वर आणि बाहेर जाता जाता त्याचे सगळे तंतू गोळा होतात, सुतळीसारखा पीळ घेतात, काखेखालून पुढे येतात आणि दंडाच्या हाडावरच्या एका लहानशा खाचेत शिरतात. नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा नकाशा उलटा धरावा तसे.

त्याची कामे मुख्यतः तीन. वर उचललेला हात खाली आणि मागे ओढणे, बाजूला पसरलेला हात अंगाशी आणणे, आणि दंड आतल्या बाजूला वळवणे. ओळख पटवायची असेल तर आत्ताच करून बघा. उजवा हात समोरच्या टेबलावर ठेवून खाली दाबा आणि डाव्या हाताने उजव्या काखेची मागची कड चिमटीत धरा. कड टणक लागेल. आता नुसते खोका. खोकतानाही ती ताठते, कारण श्वास जोराने बाहेर टाकायलाही हा गडी हातभार लावतो. तो आखडला, तर हात डोक्यावर सरळ वर जात नाही. खांद्याची खोबण उथळ आणि दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. त्यामुळे खांदा चहूकडे फिरतो खरा, पण त्याला सांभाळायला भोवतालच्या स्नायूंचीच गरज लागते.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट मला वाटली ती वेगळीच. हा स्नायू पाठीवर पसरलेला असला तरी मुळात पाठीचा नाही. गर्भात तो हाताच्या कोंबाबरोबर तयार होतो आणि नंतर खाली कमरेपर्यंत पसरत जातो. म्हणून त्याची नस येते ती मानेतून. हाताला थेट कमरेशी जोडणारा असा हा स्नायू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपात या ज्ञानाची मोठी पायरी म्हणजे १५४३ साली आलेला वेसॅलियसचा ग्रंथ. त्यातली स्नायूंची चित्रे आजही थक्क करतात. कातडी सोललेले पुरुष डोंगर-गावांच्या देखाव्यापुढे ऐटीत उभे आहेत! वेसॅलियसने तपासलेल्यांत फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे देह होते. ग्रंथावर लेखकाचे नाव आहे, राजाला अर्पण केल्याची नोंद आहे. ज्यांच्या पाठी उघडून हे कळले त्यांची नावे त्या चित्रांखाली नाहीत. पुढे फ्रान्समध्ये दुशेन नावाच्या डॉक्टरने जिवंत माणसाच्या एकेका स्नायूला विजेचा हलका झटका देऊन कोणता काय करतो हे पाहिले आणि १८६७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. मराठी माणसाने हा स्नायू शास्त्राच्या डोळ्यांनी पाहिला तो साधारण तेव्हापासून.

पण हाताने आणि अंगाने त्याला आपण त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या विद्येचे प्रकरण आहे आणि खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख आहे. आजच्या मल्लखांबाचे श्रेय मात्र परंपरा देते ती बाळंभट दादा देवधर यांना, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. गोष्ट अशी सांगतात की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारी आव्हान घेऊन आले. बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केले, तिथे झाडावर खेळणारी वानरे पाहिली आणि लाकडी खांबावर सराव करून सामना जिंकला. गोष्टीतला भक्तीचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण वानराकडून शिकण्यात शरीराचे शहाणपण पक्के आहे. झाडावर लोंबकळणाऱ्या, चढणाऱ्या प्राण्याचा हा हुकमी स्नायू.

मल्लखांबात नेमके काय होते ते पाहा. हात वर जाऊन खांबाला घट्ट धरतात. हात आता जागचे हलणार नाहीत. मग पाठीचा हा पंखा आवळला की हात खाली यायच्या ऐवजी कंबरच वर उचलली जाते. स्नायू तोच, ओढ तीच. फक्त कोणते टोक स्थिर आहे एवढाच फरक. पुरलेला असो, टांगता असो, पूर्वीचा वेताचा असो की आताचा दोरीचा असो, मल्लखांबाचे हे मर्म.

कुस्तीतही प्रतिस्पर्ध्याला अंगाशी ओढून आवळायचे तर हाच कामाला येतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, ते अशाच तालमीच्या जोरावर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेले आणि आपले देशी खेळ दाखवून आले. आणि आपला मुद्गल? डोक्यामागून पाठीवर फिरणारी ती लाकडी गदा इंग्रजांनी इथे पाहिली, आपल्या कवायतीत नेली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तशी मुद्गलं फिरवण्याची चक्क स्पर्धा होती! २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. हे सगळे अभिमानाने सांगावे असेच आहे आणि मी वर्गात ते अभिमानाने सांगत आलो.

पण मंडळी, हा झाला हौदात आणि मैदानात कमावलेल्या पाठीचा इतिहास. तो पाहायला प्रेक्षक होते, राजे होते, पुढे छायाचित्रकार आले. आमच्या जामखेड तालुक्यात या स्नायूचा दुसराही इतिहास आहे. त्याला प्रेक्षक नव्हते.

जामखेडचे नाव इतिहासात दोन ठिकाणी हमखास येते. तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. परीक्षेला दोन्ही यायचे. पण या दोन तारखांच्या मधल्या, आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक दिवशी इथल्या बाया पाणी शेंदत होत्या, हे कुठल्या प्रश्नपत्रिकेत आले नाही. हा कमी पावसाचा मुलूख. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला जाते, दोर लांबत जातो. पोहरा सोडायचा, बुडवायचा आणि हातावर हात टाकत वर ओढायचा. कोपर मागे, दंड अंगाशी, पुन्हा कोपर मागे. वर दोर बांधला आणि चढलो की तो मल्लखांब. दोर खाली सोडला आणि ओढला की ती विहीर. काम त्याच स्नायूचे. एकीला टाळ्या मिळाल्या नाहीत एवढेच.

१९७२ चा दुष्काळ मी ऐन विशीत पाहिला. बी.ए.चा अभ्यास चालू होता आणि सुट्टीत दुष्काळी कामावर हजेरी लिहिण्याचे काम मला मिळाले होते. सरकारने गावोगाव पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे काढली होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि त्याचे कौतुक जगाने केले. मला मात्र दिसतो तो खडीचा ढीग आणि त्याच्यापुढे फडके डोक्यावर ओढून बसलेली बाई. पुढ्यात दगड. हातोडा खांद्याच्या वर जातो आणि खाली येतो. वर नेताना हा पाठीचा पंखा ताणला जातो, खाली आणताना आवळतो. दिवसभर. पाच-सहा वर्षांचे पोर शेजारी बसून लहान खडे निवडते आहे. दुपारी सुकडी, रात्री मिलोची भाकरी.

मोजमाप ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढिगाची लांबी, रुंदी, उंची घ्यायची आणि हजेरीपटावर आकडा लिहायचा. त्यापुढे अंगठा. एकदा एका वयस्कर बाईंना मी विचारले की अंगठा उठवताना हात असा कापतो का? त्या म्हणाल्या, "बाबा, हात कापतोय त्याचं काय घेऊन बसला. सांजचं केस बांधाया हात डोक्यामागं जात न्हाई. लेक बांधून देती." त्या वेळी मी ते नुसते ऐकले. पन्नास वर्षांनी तक्त्यावरचा स्नायू पाहिला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ खांद्यापासून कमरेपर्यंत उलगडला.

त्याच्याही आधी, १९५० साली, आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. सहकाराचा तो मोठा इतिहास आहे आणि तो खरा आहे. पण जिल्ह्याच्या एका टोकाला पाटाचे पाणी आणि ऊस, तर आमच्याकडे पाऊस नाही आणि हाताला काम नाही. म्हणून जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला जाऊ लागली. अजून जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर, ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसांची मोजणी हत्यारावर! मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला म्हणतात 'उचल'. शब्द किती चपखल आहे पाहा. आधी पैशाची उचल आणि मग ती फिटेपर्यंत मोळ्यांची उचल. वाकून बुडख्याशी कोयता मारायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून गाडीत टाकायची.

शिक्षक म्हणून मला हा हंगाम हजेरीपटावरून कळे. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग अर्धा रिकामा. पाडव्याच्या सुमारास मुले परत येत. उंची वाढलेली, हाताला घट्टे पडलेले, आणि पाढे विसरलेले. पुढे हंगामी वसतिगृहे आली, काही मुले मागे राहू लागली, हे नोंदवले पाहिजे. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्याची पाठ पहिलवानासारखी दिसू लागते, त्याने तालीम केलेली नसते, हे आमच्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. या स्नायूची नस मानेतून येते. त्यामुळे कमरेखालचे शरीर लुळे पडले तरी बहुधा हा शाबूत राहतो. आणि त्याचे खालचे टोक कमरेच्या हाडाला असल्याने हात आणि कंबर यांचा धागा तुटत नाही. कुबडी जमिनीवर रोवली, मूठ खाली दाबली, की हा पंखा आवळतो, कंबर वर उचलली जाते आणि लुळा पाय जमिनीवरून सुटून पुढे पडतो. म्हणजे पायांनी काम सोडले की पाठीचा हा स्नायू, जो मुळात हाताचा, तोच पाय होतो.

हे मी पाहिले आहे. माझ्या वर्गात पोलिओने दोन्ही पाय गेलेला एक मुलगा होता. शाळेला पाच दगडी पायऱ्या. उतार कुणी बांधला नाही. खेळाच्या तासाला त्याने वर्गात बसायचे, असा नियमच पडला होता. एकदा पाऊस आला म्हणून सगळी मुले वर्गात आली आणि पंजा लढवायला बसली. या मुलाने एकेक करून सगळ्यांचे हात बाकाला टेकवले. दहावीतला तालमीत जाणारा पोरगाही सुटला नाही. वर्ग अवाक्! पंजा लढवताना दंड आतल्या बाजूला वळवावा लागतो आणि ते या स्नायूचे तिसरे काम. रोज पाच पायऱ्या चढून आणि उतरून त्याने ते कमावले होते. त्याची तालीम म्हणजे आमची ती पायरी. आज तो बाजारात स्वतःचे दुकान चालवतो.

याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका केले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्या प्रकल्पात जयपूर फूट, कॅलिपर अशा वस्तूही बनवल्या जात आणि अनेकांना त्या आधाराने उभे राहता आले. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लसीचा हा विजय केवढा मोठा, हे ज्यांनी कुबड्यांचा खडखडाट वर्गात ऐकला आहे त्यांना विचारावे.

शल्यचिकित्सकांनी तर या स्नायूला आणखी दूर नेले. त्याची रक्तवाहिनी काखेजवळून आत शिरते. त्यामुळे ती न तोडता तो पाठीवरून सोडवून पुढे वळवता येतो. इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ साली स्तनाच्या कर्करोगानंतर उघडी पडलेली छाती अशा रीतीने झाकली. ती पद्धत पुढे विसरली गेली आणि १९७० नंतरच्या दशकात पुन्हा आली. १९८५ साली फ्रान्सच्या कार्पांतिए यांनी तर हा स्नायू थकलेल्या हृदयाभोवती गुंडाळून पाहिला! तो उपाय पुढे मागे पडला. पण हा स्नायू काढला की माणसाचे अडत नाही का? रोजची कामे शेजारचे स्नायू वाटून घेतात. अडते ते चढणाऱ्याचे, ओढणाऱ्याचे आणि कुबडीवर चालणाऱ्याचे. म्हणजे असे की तो कुणाला सोडता येईल आणि कुणाला नाही, हे त्या माणसाच्या कामावर ठरते.

असो. मला या सगळ्यातून वाटते ते एवढेच. तालमीच्या पाठीचा इतिहास लिहिला गेला, कारण तो पाहणारे कुणी तरी होते. विहिरीच्या, खडीच्या, कोयत्याच्या पाठीचा इतिहास आकड्यांत उरला आहे : इतके मजूर, इतके ब्रास, इतके टन. आकडे खोटे नाहीत. पण हात डोक्यामागे जात नाही, हे आकड्यात येत नाही.

हल्ली आमच्या भागात गावोगावचे तरुण आपापल्या गावाचा इतिहास लिहू लागले आहेत. देवळे, गढ्या, वीरगळ यांची छायाचित्रे काढतात, मला दाखवायला आणतात. फार चांगली गोष्ट आहे. त्यांना मी एक काम सांगत असतो, तेच इथेही लिहितो. तुमच्या गावाला येणारा जो डांबरी रस्ता आहे, त्याच्या पोटात कदाचित १९७२ ची खडी आहे. गावचा पाझर तलाव कुणी खणला, मुकादम कोण होता, दगड कुठल्या माळावरचा, हे सांगणाऱ्या बाया अजून आहेत. तेव्हा ज्या विशीत होत्या त्या आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जा, शेजारी बसा आणि विचारा. आणि हात कुठपर्यंत वर जातो, तेही विचारा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.